तिसरं डोकं

"तुम्ही काय करता?" असं हर्नडनमध्ये कुणी विचारलं, की सुहासिनीकाकू सांगायच्या, "मी डोकं आहे." विचारणारा गडबडून जायचा. मग काकू तीन बोटं वर करायच्या. "एक चारुदत्तचं, एक रेणूचं आणि तिसरं माझं."

ही गंमत कळायला आमचा रॅम्प माहीत असायला हवा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आमच्या या हर्नडन गावातून वॉशिंग्टनला नोकरीला जाणारं सगळं जग सकाळी एकाच हायवेवर येऊन तुंबायचं. हायवेवर चढायच्या नेहमीच्या रॅम्पवर अडकण्यापेक्षा गाडी गोगलगायीच्या मागे लागलेली बरी. पण थोडं पुढे एक वेगळा रॅम्प होता, कारपूलवाल्यांचा, म्हणजे एका गाडीतून मिळून जाणाऱ्यांचा. गाडीत तीन माणसं असली की त्यावरून सुळकन वर चढायचं आणि डावीकडच्या मोकळ्या लेनमधून थेट शहर गाठायचं. तीन म्हणजे तीन, एकही कमी चालायचं नाही. मागच्या सीटवर बाहुली बसवून जाणारे महाभागही पकडले गेलेत तिथं.

मी रेणू, नागपूरची. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेते. घरी तेच काम फुकट करते, असं माझा नवरा म्हणतो. गाडी चारुदत्तची होती, जुनी कोरोला. चारुदत्त गिरगावचा, एकटा राहणारा, कामात वाघ आणि तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं. आमच्यासोबत तिसरा सुशांत असायचा. दोन हजार तीनच्या वसंतात त्याला कॅलिफोर्नियात नोकरी लागली आणि तो गेला. झालं! आम्ही दोघं परत गोगलगायीच्या रांगेत.

सुहासिनीकाकू माझ्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. मिरजेला बालवाडीच्या बाई होत्या. त्यांचे यजमान जगन्नाथकाका गेले आणि वर्षभरात मुलानं, सौमित्रनं, त्यांना इकडे आणलं. सौमित्र आणि त्याची बायको उर्वी, दोघंही चांगली हो. आईला कशाची कमी नव्हती. घरात दोन फ्रीज, तीन टीव्ही आणि दिवसभर माणूस एकही नाही. नात शाळेतून आली की "आजी, आय अॅम गुड" म्हणून खोलीचं दार लावून घ्यायची. काकूंना गाडी चालवता येत नव्हती, आणि हर्नडनमध्ये ज्याला गाडी चालवता येत नाही त्याला पाय नसतात. काकू खिडकीत उभ्या राहून पोस्टमनची वाट बघायच्या. पत्र यायचं नाही, पण पोस्टमन तरी यायचा.

एके दिवशी त्या कचऱ्याचा डबा ओढत रस्त्याच्या कडेला नेत होत्या. मी विचारलं, "काकू, शहर बघायला येता का? रोज?"

चारुदत्तला हे कळल्यावर तो भडकला. "यार रेणू, कारपूल आहे, यात्रा कंपनी नाही! दिवसभर काय करणार त्या तिथं?"

"ते त्या बघतील. डोकं आहे ना त्यांना? आपल्याला तेवढंच पाहिजे," मी म्हटलं.

आणि पुढच्या सोमवारी काकू नऊवारी नेसून, पायात बूट आणि अंगावर सौमित्रचा जुना जाड कोट घालून मागच्या सीटवर येऊन बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत थालीपिठं. "गाडीत खायचं नाही," चारुदत्त आरशात बघून म्हणाला. "बरं," काकू म्हणाल्या आणि थालीपीठ पुढे केलं. त्यानं ते खाल्लं. सिग्नल हिरवा झाल्यावर दुसरंही खाल्लं.

सुरुवातीला आम्ही त्यांना संग्रहालयांपाशी सोडायचो. तिथली संग्रहालयं फुकट, आत ऊब, बसायला बाकं. काकूंनी सगळी पालथी घातली. एका दालनातल्या भल्यामोठ्या हत्तीपाशी बसून त्या डबा खायच्या. "त्याच्यासमोर जरा बरं वाटतं गं, ओळखीचं कोणी असल्यासारखं," म्हणायच्या. हे ऐकून मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

मग हिवाळा आला. बर्फाच्या एका दिवशी संग्रहालयं बंद होती, म्हणून मी काकूंना आमच्या ऑफिसच्या लॉबीत बसवलं. त्याच इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर होतं. एक बाई रडणारं बाळ कडेवर घेऊन लॉबीत फेऱ्या मारत होती. ते पोर नुसतं काळंनिळं झालं होतं. काकूंनी थोडा वेळ पाहिलं, उठल्या आणि काही न विचारता हात पुढे केले. "अले अले अले, कोण ललतंय?" ते गोरं गोमटं पोर जे गप्प झालं, ते काकूंच्या कानातल्या कुड्या ओढायलाच लागलं. ती बाई पाळणाघराची मुख्य होती, मिस डोरथी. तिनं काकूंना तिथंच विचारलं, "उद्या येता?"

ग्रीन कार्ड होतंच. काही आठवड्यांत काकू पगारी नोकर झाल्या, पाळणाघरातल्या तान्ह्या मुलांच्या खोलीत. पोरांना 'काकू' म्हणता यायचं नाही, ती 'कूकू' म्हणायची. तिथल्या बाया म्हणायच्या 'मिस कूकू'. चारुदत्तनं त्यांना सांगितलं, की इंग्रजीत कूकू म्हणजे वेडा. काकू म्हणाल्या, "मग बरोबरच आहे की. शहाणी असते तर ह्या वयात दुसऱ्यांचे लंगोट बदलायला आले असते का?" आणि खदखदून हसल्या.

त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं, त्यामुळे त्या मुलांशी मराठीतच बोलायच्या. एकदा एका वकीलबाईंनी मला लिफ्टमध्ये गाठलं. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीनं घरी ठोकळ्यांचा मनोरा पाडला आणि कपाळाला हात लावून 'अग्गोबाई' म्हणाली, तर हे काय असतं? मी म्हटलं, प्रार्थना असते. काय सांगणार?

ती पाच वर्षं, खरं सांगते, माझ्या अमेरिकेतल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. घर नंतर घेतलं, पगार नंतर वाढला, पण त्या कोरोलात जे होतं ते परत मिळालं नाही. गाडीत फोन वाजला की काकू म्हणायच्या, "ज्यांना आपल्याशी बोलायचंय ते सगळे गाडीतच आहेत." चारुदत्त चडफडत फोन बंद करायचा. मग भांडणं, उखाळ्यापाखाळ्या, वऱ्हाडी जेवण चांगलं की कोल्हापुरी. माझं नवऱ्याशी बिनसलं की गाडीत निकाल लागायचा, आणि तो बहुतेक वेळा माझ्या विरुद्ध लागायचा. चारुदत्तची आई मुंबईला आजारी पडली, तेव्हा आठवडाभर तो एक शब्द बोलला नाही. काकूही बोलल्या नाहीत. रोज मागून त्याच्या खांद्यावर एक हात ठेवून बसायच्या, बस.

आणि सुपारीचा किस्सा सांगायलाच हवा. आपल्याकडे तिघांनी मिळून कुठं निघत नाहीत. तीन तिगाडा, काम बिघाडा! आणि इथं तर सरकारच सांगतंय, तिघंच पाहिजेत. काकूंना हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्यांनी त्यावर आपला उपाय काढला. तिघं निघायचं झालं की चौथी सुपारी सोबत घ्यायची, म्हणजे दोष लागत नाही. ती सुपारी त्या मुठीत धरून बसायच्या. कुणाची म्हणून घेतली विचारलं, तर लाजल्यासारख्या व्हायच्या. "पूजेला जोडीदार हजर नसला की त्याच्या नावानं सुपारी मांडतातच ना? हे तेच आहेत."

एके दिवशी नेमकं रॅम्प चढताना ती सुपारी हातातून निसटली आणि सीटखाली गेली. काकू ती शोधायला खाली वाकल्या. मुळात त्या एवढ्याशा, वाकल्यावर दिसेनाशाच झाल्या. कडेला उभ्या असलेल्या पोलिसानं दोनच डोकी मोजली आणि गाडी बाजूला घ्यायला लावली. तो खिडकीशी आला तोवर काकू वर आल्या होत्या, धापा टाकत, पदर सावरत. त्यानं विचारलं, गाडीत किती माणसं आहेत?

"फोर," काकू म्हणाल्या.

चारुदत्तनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. पोलिसानं वाकून आत बघितलं. चौथा कुठाय? काकूंनी मूठ उघडली. "माय हजबंड."

पोलीस त्या सुपारीकडे बघत राहिला. त्याला काय वाटलं देव जाणे, पण मला वाटतं, त्याला ती जगन्नाथकाकांची रक्षा वाटली असावी. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "आय अॅम सो सॉरी, मॅम," म्हणाला आणि हातानंच जा म्हणून खूण केली. चारुदत्तनं गाडी रॅम्पवरून डावीकडच्या लेनमध्ये घातली. मग चारुदत्त जो हसत सुटला! मी त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काकूंना मात्र काही कळेना. "हसताय काय मेल्यांनो? चारच तर होतो."

दोन हजार आठच्या सुरुवातीला रॅम्पच्या तोंडाशी नारिंगी पाट्या लागल्या. कारपूलचा रॅम्प बंद होणार, तिथं टोलचा एक्स्प्रेस रॅम्प येणार. गाडीच्या काचेवर एक डबी लावायची, टोल आपोआप कापला जाणार, आणि एकटा माणूससुद्धा त्यावरून जाऊ शकणार. तिघांना मात्र पूर्वीसारखंच फुकट.

गावातल्या शाळेत त्याची जाहीर सभा होती. मी काकूंना घेऊन गेले. नकाशे, रंगीत तक्ते, एक तरुण इंजिनियर मोठ्या उत्साहानं सांगत होता, की रिकाम्या लेनचा कसा पुरेपूर उपयोग होणार. शेवटी प्रश्न विचारा म्हणाला. काकूंनी हात वर केला. काकू उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "त्याला विचार, तिसऱ्या माणसाचं काय?"

मी इंग्रजीत विचारलं. तो हसून म्हणाला, तिघं असाल तर तुमच्यासाठी काहीच बदलत नाही. मी काकूंना ते सांगितलं. काकू खाली बसल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोराला अजून संसार माहीत नाही. माणसांना सोय झाली की आधी माणूस सुटतो."

त्यांच्या मनात भीती एकच होती, परत त्या खिडकीत उभं राहायची. बोलायच्या नाहीत, पण उन्हाळाभर रॅम्प बंद असताना, आम्ही गोगलगायीच्या रांगेत तासन् तास अडकलेलो असताना, त्या एकट्याच खूश असायच्या. तेवढाच जास्त वेळ गाडीत!

आणि बघा, दैव कसं असतं. रॅम्प पुन्हा उघडायच्या जरा आधी आमच्या कंपनीनं माझी टीम शहरातून हलवली आणि हर्नडनमध्येच आणली, घरापासून पाच मिनिटांवर. सगळे म्हणाले, काय नशीबवान आहेस! मी घरी येऊन रडले. माझं डोकं गेलं, म्हणजे राहिली दोन. आणि दोघांना टोल भरावा लागणारच होता, एकट्याला लागतो तेवढाच.

चारुदत्तला तेव्हाच बढती मिळाली होती. त्यानं काचेवर डबी लावली आणि काकूंना फोन केला. "काकू, आता माझं टायमिंग फिक्स नाही राहणार." वा रे वा! पुण्याचा असता तर मी समजले असते, पण गिरगावच्या माणसानं इतकं गुळगुळीत बोलावं? काकू फक्त "बरं बाबा" म्हणाल्या.

सौमित्र म्हणाला, "आई, झालं ना आता. आराम कर." आराम! त्या घरात आराम म्हणजे खिडकी. काकूंनी ऐकलं नाही. त्या बसनं जायला लागल्या. एक बस, मग दुसरी, मग थोडं चालणं. पहाटे अंधारात मी त्यांना कोट घालून कोपऱ्याकडे जाताना बघायची. मी म्हटलं, मी सोडते रोज. तर म्हणाल्या, "तू उलट्या दिशेला कुठं येतेस? घर बघ तुझं." बस वेळेवर यायची नाही. पाळणाघर उघडायचं आणि काकू पोचलेल्या नसायच्या, आणि सकाळी आईला सोडून आलेली तान्ही पोरं आकांत करायची. मिस डोरथी चांगली बाई, पण तिचीही अडचण होती. तिनं हळूच सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत वेळेवर यायचं जमलं नाही, तर सकाळसाठी दुसरी बाई बघावी लागेल. तान्ह्यांच्या खोलीत सकाळची बाई तीच खरी बाई असते. काकूंनी मला हे कुंपणावरून सांगितलं आणि वर म्हणाल्या, "जाऊ दे गं, वय झालंच की." असं त्या कधी म्हणायच्या नाहीत.

माझं डोकं फिरलं. त्या शनिवारी चारुदत्त मला इंडियन ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबीर निवडताना सापडला. मी काही आवाज खाली ठेवला नाही, तो मला जमतही नाही.

"लाज वाटते का रे? पाच वर्षं त्या बाईच्या डोक्यावर शहरात गेलास, आणि काचेवर डबी लागली तशी ती नकोशी झाली?"

"यार रेणू, हळू. लोक बघतायत."

"बघू दे! थालीपिठं खाताना टायमिंग फिक्स होतं का तुझं?"

"मी काय चॅरिटी उघडलीय का?" तोही चिडला. "इतकी वर्षं कुणासाठी तरी थांबत आलो. आता मला पाहिजे तेव्हा निघतो, पाहिजे तेव्हा येतो. त्यासाठीच तर पैसे भरतो." आणि कोथिंबीर तिथंच टाकून निघून गेला. दुकानातली मावशी मला म्हणाली, "बेटा, पानी पियोगी?"

पुढचा बुधवार असेल. रात्रीचा पाऊस पडता पडता गोठला होता आणि सगळं गाव काचेचं झालं होतं. मी ड्राइव्हवेमध्ये माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. काकूंचं दार उघडलं. त्या बसला निघाल्या होत्या, पायरीवर जपून एकेक पाऊल टाकत. तेवढ्यात कोरोला येऊन थांबली आणि चारुदत्त उतरला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"काकू, चला."

काकू तिथंच थांबल्या. "कुठं?"

"कुठं म्हणजे? कामावर. रोज. तुमच्या टायमिंगला."

"रेणूनं भांडून पाठवलंय ना तुला? मी ऐकलंय दुकानातलं." (सगळ्या हर्नडननं ऐकलं होतं.) "मला कुणाचे उपकार नकोत रे. बस आहे मला."

चारुदत्त जरा वेळ बुटानं बर्फ टोकरत राहिला. मग म्हणाला, "काल रॅम्प चढताना मी सवयीनं विचारलं, काकू, पट्टा लावलात का? मोठ्यानं. आणि उत्तर येईना म्हणून मागे वळून बघितलं. असं दुसऱ्यांदा झालं, काकू."

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मी खरवडायचं थांबवलं होतं.

"पण दोघांनाही टोल पडतो," त्या म्हणाल्या.

"पडतो."

"मग मी असले काय नि नसले काय, पैसे तेवढेच. तुला मी आता लागत नाही, चारू."

"माहितीये मला. गणित येतं मला." त्याचा आवाज चढला, रागावल्यासारखा. "नाही लागत. लागत नाही तरी चला ना."

काकूंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मग हात पुढे केला, आणि त्यानं त्यांना त्या निसरड्यावरून धरून गाडीपर्यंत नेलं. मागचं दार उघडायला गेला तर काकूंनी मान हलवली आणि पुढच्या दाराकडे बोट दाखवलं. त्यानं पुढच्या सीटवरची लॅपटॉपची बॅग उचलून मागे फेकली. काकू बसल्या. पट्टा त्यांना ओढवेना, तो त्यानं वाकून लावून दिला.

गाडी वळणापलीकडे गेली तरी मी तिथंच उभी होते, काच अर्धीच साफ झालेली, आणि रडू काही थांबेना.